नाव, नावाडी आणि महसीर

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लेखन करावे, अशी संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकास आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आले ते हे की, आपल्या भोई ज्ञातीचा इतिहास शोधावयाचा तरी कोठे? पालखी आणि मेणे वाहिल्याचा उल्लेख बखरींतून व प्रवासवर्णनांतून जागोजाग येतो. परंतु तेथेही पालखीत बसलेल्याचे नाव असते, खांदा देणाऱ्याचे नसते. नदीच्या बाबतीतही तीच कथा आहे. नाव आपली, वल्हे आपले, डोहाची माहिती आपली. पण कागदावर उरला तो उतारू. आजचा विषय या दुसऱ्या प्रकारचा आहे. उथळ व खडकाळ नद्यांतून होडीत बसून, फसवे आमिष फिरवून, मोठा मासा गळास लावण्याची जी विद्या आपल्या देशात गेली दीडशे वर्षे चालत आली, तिचा हा थोडक्यात वृत्तान्त होय. तो सांगताना भीमेपासून कावेरीपर्यंत जावे लागेल. कारण या खेळाचा खरा आखाडा कावेरी होता, आणि तेथील माशाच्या भाग्याशी आपल्या मराठी मुलखाचा संबंध वाचकांस वाटेल त्याहून फार निकटचा आहे.

गळाने मासा धरणे ही कला आपणांस साहेबाने शिकविली, असा एक समज शिकलेल्या लोकांतही आढळतो. तो निराधार आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे हल्लीचे बसवकल्याण. ते आपल्या सीमेपासून दूर नाही, आणि त्या राजाच्या सत्तेखाली मराठी मुलूखही होता. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद ज्या ग्रंथात आहे तो हाच. राजाने मनोरंजन कसे करावे हे सांगताना सोमेश्वराने ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात समुद्रातील व नदीतील मिळून सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणते खाद्य घालावे, काठी, दोर व गळ कसे असावेत, याचे विवेचन केले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. आता सुज्ञ वाचकांनी विचार करावा की, राजास या पस्तीस जाती कोणी सांगितल्या असतील? माशाचे खाद्य राजवाड्यात बसून समजत नाही. ते ज्यांना ठाऊक होते, त्यांची नावे मात्र ग्रंथात नाहीत.

जी गोष्ट गळाची, तीच नावेची. दक्षिणेतील नद्या पावसाळा सरला म्हणजे उथळ होतात. मधूनमधून डोह, डोहाखाली खडकांतून खळाळणारी धार, पुन्हा गुडघाभर पाण्याचा उतार, असे त्यांचे रूप असते. अशा पात्रात तळ खोल असलेली लाकडी नाव चालत नाही. ती खडकावर बसते किंवा फुटते. त्यासाठी कृष्णा, तुंगभद्रा आणि कावेरी यांच्या काठी बांबूच्या कामट्यांची विणलेली व कातड्याने मढविलेली गोल टोपलीसारखी होडी फार प्राचीन काळापासून वापरात आहे. कानडीत तिला हरिगोल म्हणतात. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस हा इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगरास आला होता. त्याने या गोल होड्या पाहून, त्यांतून पंधरा-वीस माणसे, इतकेच नव्हे तर घोडे आणि बैलही नदीपार होतात, असे लिहून ठेवले आहे. पुढे १८०३ सालच्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत जनरल वेलस्ली यानेही दक्षिणेतील नद्या ओलांडण्यासाठी अशाच टोपल्या तयार करवून घेतल्या. ही होडी वीतभर पाण्यातही तरते, खडकाला लागली तर फुटण्याऐवजी लवते, आणि एक माणूस ती डोक्यावर घेऊन काठाने चालू शकतो. दोष एकच, तिला पुढची व मागची बाजू नसल्यामुळे नवख्याच्या हाती ती जागच्या जागी गरगर फिरते. एकाच वल्ह्याने तिला सरळ नेणे हे वर्षांच्या अभ्यासाने साधते.

आता माशाकडे वळू. आपल्याकडे ज्याला खडस किंवा खडशी म्हणतात आणि उत्तरेत ज्याला महसीर हे नाव आहे, तो नदीतील माशांचा राजा समजला जातो. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे विलक्षण बळ ही त्याची लक्षणे. तो मरळीसारखा निव्वळ मांसाहारी नाही. काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही खातो. परंतु खेकडे आणि लहान मासे दिसले की त्यांच्यावर तो झडप घालतो. त्याच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, आणि ते इतके बळकट की पोलादी गळही त्यांच्याखाली चेपून सपाट होतो.

या माशास शास्त्रात जे नाव मिळाले, त्याची हकीकत मराठी माणसास अभिमान वाटावा अशी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनच्या मुलखाची सांख्यिक माहिती जमविण्याच्या कामावर होता. लोकसंख्या, पिके, हवामान यांबरोबर त्याने पक्षी आणि मासेही जमविले. दख्खनच्या माशांवरील त्याचे संशोधन १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात छापले गेले. नवीन आढळलेल्या माशांस आपल्या मित्रांची अथवा वरिष्ठांची नावे देण्याची तेव्हा पद्धत होती. साइक्सने मात्र बहुतेक ठिकाणी स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनच्या पोशाखात ठेवून दिली. खुद्री, कोळस, पोटैल, नुकटा, फुलंगी, मल्या ही नावे आजही जगातील सर्व देशांच्या ग्रंथांतून चालतात. यांतील खुद्री म्हणजेच आपली खडशी. ती साइक्सला पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळाली. आज तिचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. शिरूरजवळ घोडनदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशास त्याने ‘मुसुल्ला’ हे नाव दिले. हे दुसरे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे. ज्या कोण्या मराठी माणसाने मासा हातात धरून ‘साहेब, ही खडशी’ असे सांगितले असेल, त्याचे नाव राहिले नाही. पण त्याने उच्चारलेला शब्द राहिला. नावाड्याच्या वाट्यास इतिहासात एवढे तरी आले, हे थोडे नव्हे.

फसव्या आमिषाची कथा निराळीच आहे. चमच्याच्या खोलगट भागासारखी धातूची चकती, तिच्या एका टोकास दोरी व दुसऱ्या टोकास तीन काट्यांचा गळ, ही वस्तू आज जगभर प्रसिद्ध आहे. ती पाण्यातून ओढली म्हणजे डोलते, लकाकते, आणि जखमी होऊन तिरप्या पोहणाऱ्या लहान माशाचा भास उत्पन्न करते. मोठा मासा भुकेने म्हणा, रागाने म्हणा, तिच्यावर तुटून पडतो. अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानचा जूलिओ ब्यूएल नावाचा मनुष्य होडीत बसून फराळ करीत असता त्याच्या हातचा चमचा तळ्यात पडला, आणि बुडत्या चमच्यावर मासा धावून आला, त्यावरून त्यास ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा नसो, १८५२ साली त्याने अशा चकतीचे पेटंट घेतले हे खरे आहे.

हा चमचा हिंदुस्थानच्या नद्यांत रूढ करण्यात ज्यांनी विशेष पुढाकार घेतला त्यांत हेन्री सलिव्हन टॉमस याचे नाव अग्रभागी येते. हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर होता. १८७३ साली त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ मंगळूर येथे छापून प्रसिद्ध केला. विलायतेतील साल्मन माशाहून महसीर अधिक झुंजार आहे, असे त्याने निःशंकपणे लिहिले, आणि मग लष्करातील व मुलकी खात्यातील साहेबलोक काठ्या घेऊन नद्यांकडे धावले. पाणी निवळ असेल तर चमचा चालतो, गढूळ असेल तर कणकेची गोळी बरी. लहान स्वच्छ ओढा मोठ्या नदीस मिळतो ती जागा उत्तम. धारेच्या शेवटी, जेथे पाणी डोहात उतरते, तेथे मासा तोंड वर करून उभा असतो, अशा प्रकारचे ज्ञान या खेळाच्या पुस्तकांतून हळूहळू संग्रहित झाले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी जे नदीवर राहिले आहेत, ते हे वाचून हसतील. त्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते.

होडीचे काम येथेच पडते. काठावरून चमचा फेकला तर तो नदीच्या थोड्याच भागात पोहोचतो, आणि खडकाळ पात्रात काठाने धावणे अशक्य असते. म्हणून नावाडी होडी वरच्या अंगाने आणून धारेच्या माथ्यावर, दगडाचा नांगर टाकून किंवा केवळ वल्ह्याच्या आधाराने, उभी धरतो. तेथून चमचा आडवा फेकावयाचा आणि प्रवाहाने तो फिरत फिरत डोहाच्या तोंडाशी येऊ द्यावयाचा. मासा लागला की पहिल्या धावेत तो शंभर-दीडशे हात दोर ओढून खडकांत शिरतो. दोर खडकावर घासला तर तुटलाच. त्या क्षणी नांगर तोडून, धारेतून होडी खाली सोडून, दोराचा कोन खडकापासून मोकळा ठेवणे हे सर्वस्वी वल्हेवाल्याचे काम असते. काठी धरणारा त्या वेळी काठीखेरीज काही पाहू शकत नाही. खडक कोठे आहे, पाणी किती आहे, मासा कोणत्या घळीत शिरेल, हे दुसराच कोणी पाहत असतो.

प्रस्तुत लेखकाचे आजोबा हे काम भीमेवर करीत असत. १९३० च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील साहेब सुट्टीत आमच्या गावी येत. गावाबाहेर तंबू पडे आणि आजोबांना बोलावणे येई. लहानपणी आम्ही त्यांना त्याविषयी विचारले की ते म्हणत, “साहेब विचारी, मासा कोठे? आम्ही बोट दाखवावे. मासा लागला तर तो साहेबाचा, आणि सुटला तर नावाड्याचा.” एकदा बारा-तेरा शेरांची खडशी एका साहेबास मिळाली. तिने गळाचे दोन काटे चेपून टाकले होते. तो निकामी चमचा साहेबाने बक्षीस म्हणून आजोबांस दिला. त्यांनी लोहाराकडून त्याला नवे काटे बसवून घेतले आणि त्यावर पुष्कळ मरळी धरल्या. पुढे तो खडकात अडकून गेला, तेव्हा त्यांनी आजीच्या चुलीजवळची पितळेची जुनी पळी उचलली, तिचा दांडा कापला आणि वाटीला भोक पाडले. आमटी वाढावयास पळी नाही म्हणून त्या दिवशी घरात जो कलह झाला, त्याची गोष्ट आजी मरेपर्यंत सांगत होती. जूलिओ ब्यूएलचे नाव आजोबांनी कधी ऐकले नव्हते. पण चमच्याची युक्ती स्वयंपाकघरातूनच नदीवर गेली, हे मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच.

कावेरीचा मासा आपल्या खडशीहून निराळा आणि फार मोठा. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून त्यास कुबडा महसीर म्हणतात. २८ डिसेंबर १९१९ रोजी कर्नल रिव्हेट-कार्नाक याने कावेरीत ११९ पौंडांचा मासा गळाने धरला. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील डी वेट व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, मासा धरला. विक्रमांच्या याद्यांत नदी, दिवस, वजन आणि गळ धरणाराचे नाव यांसाठी रकाने असतात. नावाड्यासाठी रकाना नसतो.

टॉमसच्या काळापासून एक तक्रारही सुरू झाली. नद्यांतील मासे कमी होत आहेत, आणि त्याचे कारण म्हणजे बारीक छिद्रांची जाळी लावून पिलांचा केला जाणारा संहार, विष घालणे व सुरुंग उडविणे, असे टॉमस आणि ‘फिशेस ऑफ इंडिया’ या ग्रंथाचा कर्ता डॉ. फ्रान्सिस डे यांनी सरकारास कळविले. अखेर १८९७ साली मासेमारीचा कायदा झाला, आणि विष व सुरुंग यांनी मासे मारणे हा गुन्हा ठरला. या प्रसंगी आपण आपल्याकडेही निःपक्षपाती दृष्टीने पाहिले पाहिजे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्यास दोष देणे आणि मौजेसाठी गळ टाकणाऱ्याची स्तुती करणे हा न्याय नव्हे, हे खरेच. परंतु सुरुंगाच्या एका बाराने डोहातील अंड्यापासून आजोबापर्यंत सारे मासे पांढरे पोट वर करून तरंगतात, आणि असे बार आपल्यातीलही काहींनी उडविले आहेत. ते नाकारून आपला मोठेपणा वाढणार नाही. याउलट आपल्याच लोकांनी मासा राखल्याचीही उदाहरणे आहेत. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महसीर वरदायिनी देवीचे समजले जातात, भाविक त्यांना खाऊ घालतात, आणि कोणी गळ टाकीत नाही. शृंगेरीस तुंगेच्या घाटावरही असेच मासे आहेत. कायद्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने जे राखले, ते अद्यापि शिल्लक आहे.

स्वातंत्र्यानंतर काही काळ हा खेळ विस्मृतीत गेला. नद्यांवर धरणे झाली होती. कावेरीवर कृष्णराजसागर १९३१ च्या सुमारास आणि मेट्टूर १९३४ साली पुरे झाले. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी वरच्या अंगास चढणाऱ्या माशाची वाट त्यामुळे अडली. पुढे १९७२ साली बंगळूर येथे दक्षिण भारत वन्यजीव संघटना स्थापन झाली. तिने कावेरीचा काही भाग मक्त्याने घेऊन तेथे गळवाल्यांस परवाने देण्यास आणि चोरून मासे मारणाऱ्यांवर पहारा ठेवण्यास आरंभ केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी पाहुणे पुन्हा येऊ लागले. गलिबोरे, भीमेश्वरी या ठिकाणी सरकारी पाहुणचाराच्या छावण्या निघाल्या. धरलेला मासा तोलून, छायाचित्र घेऊन, जिवंत परत सोडावयाचा असा तेथे नियम होता. कौतुकाची गोष्ट ही की, पूर्वी जे चोरून जाळी आणि सुरुंग लावीत, त्यांच्यापैकीच काहींना वाटाड्या व नावाडी म्हणून नेमण्यात आले. डोहाची खडान्‌खडा माहिती त्यांनाच होती. ज्या ज्ञानाने मासा मारला जात होता, त्याच ज्ञानाने तो राखला जाऊ लागला.

येथून पुढची हकीकत आपल्या महाराष्ट्रास चटका लावणारी आहे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीचे तलाव आहेत. महसीर कमी होत चालला हे पाहून मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि श्री. एस. एन. ओगले यांनी तेथे १९७० च्या दशकात खडशीची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखविली. हे कार्य थोर होते. तेथील पिले निरनिराळ्या प्रांतांतील जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली; कावेरीतही गेली. हेतू शुद्ध होता. परंतु आपली खडशी कावेरीत फोफावली, आणि तेथील मूळचा कुबडा महसीर झपाट्याने घटला. १९९८ पासून २०१२ पर्यंत गलिबोरेच्या छावणीत गळवाल्यांनी धरलेल्या माशांच्या ज्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून ही गोष्ट उघड झाली. खडशीची संख्या वर्षानुवर्षे चढती, आणि कुबड्याची उतरती. केवळ परक्या माशामुळेच हे झाले असे नव्हे. धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंग हेही आहेतच. तथापि एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे नेहमीच उपकार नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

याहून आश्चर्याची गोष्ट नावाची आहे. घोडनदीतील ज्या माशास साइक्सने मुसुल्ला म्हटले होते, तेच नाव कित्येक वर्षे ग्रंथकार कावेरीच्या या प्रचंड माशास लावीत होते. २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले की, साइक्सचा मुसुल्ला हा महसीरच नव्हे. तो दुसऱ्याच जातीचा मासा. म्हणजे ज्या माशाचे विक्रम शंभर वर्षे जगभर गाजले, ज्याची छायाचित्रे दिवाणखान्यांतून टांगली गेली, तो शास्त्राच्या दप्तरात निनावीच होता. अखेर २०१८ साली, केरळातील पांबार नदीतून पूर्वी वर्णिलेल्या एका जातीशी तो एकरूप असल्याचे ठरले, आणि त्यास ‘टॉर रेमादेवी’ हे नाव मिळाले. मत्स्यशास्त्रज्ञ श्रीमती रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ते ठेवलेले आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेल्या जातींत केली. नाव मिळाले, पण ते असे, मृत्युशय्येपाशी मिळाले. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला राखण्यासाठी कायदा करता येत नाही. आणि तो गेला तरी कोण गेले हे सांगता येत नाही.

दरम्यान २०१२ साली कावेरी अभयारण्याच्या हद्दीतील गळाचा खेळ वन्यजीव कायद्यान्वये बंद झाला. अभयारण्यात शिकार नसावी हे तत्त्व योग्यच आहे. परंतु त्यामुळे छावण्यांतील वाटाडे व नावाडी यांची रोजी गेली, आणि नदीवर रात्रंदिवस असणारे त्यांचे डोळेही गेले. माशांच्या नोंदी ठेवण्याचा जो एक मार्ग होता तो बंद झाला, अशी खंत अभ्यासकांनीही व्यक्त केली आहे. कोणाचा पक्ष खरा, याचा निवाडा करण्याचा अधिकार एका निवृत्त शिक्षकास नाही. एवढे मात्र खरे की, नदी राखावयाची असेल तर नदीवर जगणाऱ्या माणसास वगळून ती राखता येणार नाही.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. आमचे जुने गाव १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात गेले. त्याबरोबर आजोबांचे डोह गेले, धारा गेल्या, उतार गेले. आज तेथे अथांग पाणी आहे, आणि त्यात चिलापी मिळते. खडशी मिळत नाही. आजोबांना आणि त्यांच्यामागे वडिलांना त्या पात्रातील प्रत्येक डोहाचे नाव ठाऊक होते. कोणत्या महिन्यात कोणता मासा कोठे असतो, हेही त्यांना तोंडपाठ होते. लहान माशांची त्यांनी सांगितलेली नावे तर मला कोणत्याच पुस्तकात आढळली नाहीत. मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालो. वर्गात फळ्यावर नकाशा काढून भीमेची लांबी, उगम आणि उपनद्या मुलांकडून घोकून घेतल्या. चौतीस वर्षे रोज सकाळी हजेरीपटावर मुलांची नावे लिहिली, एकही गाळले नाही. परंतु घरी ओसरीवर बसलेल्या वडिलांजवळ वही घेऊन बसावे आणि ती नावे उतरून घ्यावीत, हे मला कधी सुचले नाही. ते २००३ साली वारले. आज मला म्हसोबाचा डोह आठवतो, कपारीचा डोह आठवतो. आणखी आठदहा होते, ते आठवत नाहीत. कर्नल साइक्स सातासमुद्रापलीकडून येऊन जे करून गेला, ते मला घरच्या ओसरीवर करता आले नाही. हा दोष कोणा साहेबाचा नव्हे, माझा आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस एक नम्र विनंती करावीशी वाटते. ज्यांच्या घरी नदीवर वावरलेले वृद्ध आजोबा, आजी, काका अद्याप आहेत, त्यांनी शंभर पानी एक वही विकत घ्यावी. डोहांची नावे, उतारांची नावे, माशांची नावे, गळ कसा बांधीत, जाळे कोणत्या गाठीने विणीत, भोपळ्यांची सांगड कशी घालीत, पुरात नाव कशी आणीत, हे सारे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. ते मागाहून कोणीही सुधारील. आपल्या मुलींनाही हे काम सांगावे, कारण बाजारात मासा विकणाऱ्या आजीला माशाची जात नावाड्याइतकीच कळते. पुढील वर्षीच्या अधिवेशनात अशा वह्या मंडळाच्या कार्यालयात जमा झाल्या, तर त्यांतून आपल्या ज्ञातीचा जो इतिहास तयार होईल, तो कोणत्याही बखरीत मिळणार नाही.

आपल्या भाषेत ‘नाव’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मी शाळेत मुलांना पुष्कळदा शिकविले. आपल्या पूर्वजांजवळ एक नाव होती, तिच्यात बसून इतर लोक पार गेले. दुसरी मात्र कागदावर चढावयाची राहिली. ती आता आपण लिहिली पाहिजे.